दाजी, वाजतंय का?

घरात गायगर काउंटर असावा असं भोरमध्ये कुणाला वाटावं, याला वरवर पाहता काही कारण नाही. आमच्याकडे अणुभट्टी नाही, युरेनियमची खाण नाही आणि पायाखाली सह्याद्रीचा काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थंड झाला, तेव्हापासून त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. ग्रॅनाइटच्या मानानं बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम अगदीच कमी. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिथं नुसतं पाय मोकळे करायला गेलं तरी यंत्र बडबडायला लागतं. रायरेश्वरच्या पठारावर त्याला जांभया येतात. किरणोत्सर्गाच्या बाबतीत भोर आणि वेल्हे (आता सरकारदरबारी राजगड) हे दोन्ही तालुके सुस्त आहेत, आणि बाकीच्या बाबतींतही आम्ही फार धावपळ करत नाही.

पण घर काही नुसत्या कातळाचं नसतं. माळ्यावर वडिलांचं रेडियमच्या काट्यांचं मनगटी घड्याळ होतं. गॅसबत्तीच्या जाळ्यांची पाकिटं होती; जागरण-गोंधळाला आणि वरातीला भाड्यानं बत्त्या देण्याचा आमच्या घरचा जुना जोडधंदा. पडवीत पोटॅशची गोणी होती. आणि हायस्कूलात जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक माणूस घरात मोकळा होता. यातली सर्वांत धोकादायक वस्तू कोणती, याबद्दल सौभाग्यवतींचं मत ठाम आहे.

नवा चांगला काउंटर पेन्शनीत बसत नाही आणि पेन्शनीत बसणारा नवा काउंटर चांगला असेलच असं नाही. म्हणून जुना, कुणीतरी टाकून दिलेला घ्यायचा ठरलं. जुन्यांत सगळ्यांत देखणा म्हणजे अमेरिकेचा पिवळा डबा. शीतयुद्धाच्या काळात, उद्या रशियाचा बॉम्ब पडलाच तर गावोगाव मोजायला काहीतरी हवं, म्हणून तिथल्या सरकारनं हे डबे लाखांनी बनवून घेतले. त्यांतले काही तर मुलांच्या खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या लायोनेल कंपनीनं केले. बॉम्ब पडला नाही, डबे उरले आणि पुढे विक्रीला निघाले. न्यू जर्सीत असलेल्या पुतण्याला मी एक आणायला सांगितला. नीट लिहून दिलं होतं, ‘सीडीव्ही ७००’. त्यानं ७१५ आणला. स्वस्त पडला म्हणे.

दोघांचा रंग एक, वरची मूठ एक, विकणारा दोघांनाही गायगर काउंटरच म्हणतो. फरक एवढाच की, ७००ला वायरीला जोडलेली कांडी असते, तिच्यात गायगरची नळी असते आणि तो घरातल्या बारीकसारीक वस्तू ओळखतो. ७१५मध्ये नळीच नाही. त्यात आयनीकरण कक्ष आहे आणि त्याची मापनपट्टी तासाला ५०० राँटजेनपर्यंत जाते. तेवढ्यात तासभर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पुढच्या नोंदी नातेवाइकांना कराव्या लागतात. घरातल्या घड्याळाला हा डबा हिंग लावून विचारत नाही. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवून ‘हे काय?’ विचारलं. पुतण्या म्हणाला, ‘रेडिएशनचं आहे.’ साहेबांनी बोट मागे घेतलं आणि पुतण्याला पुढे जाऊ दिलं. तेव्हापासून पिवळा डबा आमच्या शोकेसमध्ये, काटा शून्यावर.

दुसरा मार्ग रशियन नळ्यांचा. ‘एसबीएम-२०’ नावाची पत्र्याची बोटभर लांबीची नळी सोव्हिएत लष्करी यंत्रांत असायची. ती मागवायची, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बाकीचं सामान आणायचं आणि घरी सोल्डरिंग करत बसायचं. इंजिनिअरिंगची पोरं झकास करतात. नळी दणकट, सहजी मरत नाही. पण तिला चारशे व्होल्ट लागतात, आणि आमच्या घरात नातवंडं आहेत. शिवाय पत्र्यातून अल्फा कण आत शिरत नाहीत, त्यासाठी टोकाला अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते. ती मात्र नाजूक. पेन्सिलीचं टोक लागलं की संपली.

तिसरा मार्ग कॉलेजचा. फिजिक्सच्या एम.एस्सी.ला जी. एम. काउंटरचं प्रॅक्टिकल असतंच. नळीचं व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं, एका ठिकाणी टिकटिक सुरू होते, मग बराच वेळ व्होल्टेज वाढवलं तरी मोजणी फारशी वाढत नाही, ते पठार. पठार लांब आणि सपाट असेल तर नळी चांगली, पठार आखूड होऊन चढणीला लागलं की नळी म्हातारी. शेकडो विद्यार्थ्यांनी हे पठार आधीच्या बॅचच्या जर्नलवरून काढलेलं आहे, त्यामुळे कॉलेजातल्या नळ्या त्या मानानं कमी झिजलेल्या असतात, हे खरेदी करणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. यंत्र डेड स्टॉक रजिस्टरातून बाहेर पडून लिलावात यायला मात्र एखाद्या प्राध्यापकाची अख्खी नोकरी जाते. आणि ही टेबलावरची यंत्रं चालतात घरच्या विजेवर. वेल्ह्यात पावसाळ्यात लाइट किती असते हे ज्याला माहीत आहे, त्यानं हा मार्ग सोडावा.

शेवटी गाठलं पुण्याच्या जुन्या बाजाराला. बुधवारी आणि रविवारी तो भरतो आणि तिथं न मिळणारी वस्तू अजून बनायची आहे. तिथला विक्रेता तुम्हाला काउंटर कधीच काउंटर म्हणून विकत नाही. ‘मिलिटरी आयटम’ म्हणून विकतो. ‘साहेब, दहा किलोमीटरवर बॉम्ब फुटला तर सांगतंय.’ अशा वेळी वाद घालू नये. खिशात गॅसबत्तीची जुनी जाळी घेऊन जावं. जाळीत थोरियम असतं. आपल्या केरळ-तमिळनाडूच्या वाळूतून निघालेलं थोरियम किती वर्षं बत्त्यांच्या जाळ्यांत जळत होतं! नारळ वाजवून घेतात तसा काउंटर वाजवून घ्यायचा असतो आणि ही जाळी म्हणजे आपली टिचकी. नळीपाशी जाळी धरली आणि टिकटिक जोरात सुरू झाली तर यंत्र जिवंत. नाही झाली तर विक्रेता म्हणतो, ‘साहेब, ते लांबच्या बॉम्बसाठी आहे.’

इथं जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती हसण्यावारी न्यायची नाही. २०१०च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून लिलावात विकलेलं एक जुनं यंत्र फोडलं गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. तुकडे हातोहात फिरले, बरेच जण आजारी पडले, एक कामगार दगावला. त्या बाजारात तेव्हा कुणाकडे साधा काउंटर असता तर गोष्ट वेगळी झाली असती. भंगारवाल्याकडे वजनकाट्याशेजारी असं यंत्र असावं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे मात्र त्याच्या वजनकाट्यावरच अजून एकमत नाही.

मला मिळालं ते हातात धरायचं, सेलवर चालणारं, कुठल्याशा प्रयोगशाळेनं निर्लेखित केलेलं यंत्र. सेलच्या खणात हिरवी बुरशी नव्हती. खिडकी अभ्रकाची आणि शाबूत. आणि स्पीकर होता. जाणकार म्हणतात, नळी पाहा, मापनपट्टी पाहा. मी म्हणतो, स्पीकर पाहा. आकडा कुणी वाचत नाही. आवाज घरात सगळ्यांना ऐकू जातो. नळीत निष्क्रिय वायू, मधून एक तार, तारेवर काहीशे व्होल्ट. बाहेरून एक कण आला, त्यानं एका अणूचा एक इलेक्ट्रॉन उडवला, त्या इलेक्ट्रॉननं पुढच्यांचे उडवले आणि तारेपर्यंत पोचेतो त्याची दरड झाली. टिक. गायगर आणि म्यूलर यांनी १९२८मध्ये ही नळी सिद्ध केली, आणि तत्त्व अजून तेच आहे.

नुसतं टेबलावर ठेवलं तरी ते मिनिटाला पंधरा-वीस वेळा टिकटिकतं. कातळ, भिंत, आकाशातून येणारे वैश्विक किरण, सगळ्यांची मिळून ती पार्श्वभूमी. हे ऐकून हिनं पहिल्या दिवशी विचारलं, ‘अहो, काही ठेवलं नाही तरी वाजतंय, मग ठेवल्यावर वाजलं त्याचं काय कौतुक?’ प्रश्न इतका अचूक होता की, मी तो वर्गात कधी कुणी विचारला नाही याबद्दल वर्गालाच दोष दिला.

मग मोजणी सुरू झाली. जाळ्यांनी अपेक्षेप्रमाणे थयथयाट केला. वडिलांच्या घड्याळाचे काटे अंधारात चमकायचे केव्हाच बंद झालेत, म्हणून ते निवलं असेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण निवलं ते चमकणारं झिंक सल्फाइड. त्याला चमकवणाऱ्या रेडियमला निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. घड्याळ धड दिसत नव्हतं, पण धड वाजत होतं. ते आता डबीत घालून उंचावर ठेवलंय आणि कुणी काच उघडू नये अशी चिठ्ठी लावलीय, कारण भीती घड्याळाची नाही, काट्यांवरून सुटणाऱ्या भुकटीची आहे. मोटारसायकलच्या नंबरप्लेटवरचं ‘रेडियम’ मात्र अगदी सात्त्विक निघालं. भोरच्या रेडियम आर्टवाल्यांनी निर्धास्त राहावं. वेलची केळ्यांच्या घडातही पोटॅशियम असतं, पण तो यंत्राला ऐकू जात नाही. नव्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टिकटिक किंचित वाढली. हे कळल्यावर ओट्यावर भाजी कोण चिरणार यावरून दोन दिवस विचारविनिमय चालला. त्यात मी भाजी चिरायला शिकलो.

पोटॅशच्या गोणीनं मला सगळ्यांत जास्त आनंद दिला. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला तीसेक अणू फुटतात. पन्नास किलोच्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीत निम्मं पोटॅशियम धरलं तर सेकंदाला सात-आठ लाख. यंत्र गोणीला टेकवलं की पार्श्वभूमीपेक्षा स्पष्ट जास्त वाजतं. शेजारच्या कोंडिबाला (नाव बदललंय, गोणी तीच) मी हे उत्साहानं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘म्हंजे खत खरं हाय म्हनायचं.’ बोगस खत ओळखायला गायगर काउंटर वापरण्याची ही कल्पना कोणत्याही कृषी विद्यापीठाच्या आधी भोर तालुक्यात जन्मली, याची नोंद व्हावी. त्याला मी हेही सांगितलं की, सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातही सेकंदाला चार हजारांवर पोटॅशियमचे अणू फुटतात. तो म्हणाला, ‘आमच्या म्हातारीत जास्त असत्याल.’

आत्याच्या गळ्यातल्या लोलकाची गोष्ट इतकी सरळ नव्हती. कुणीतरी साखळी योजनेत तिला हा काळा लोलक विकला होता. त्यातून म्हणे ऊर्जा निघते आणि मोबाइलच्या रेडिएशनपासून रक्षण होतं. मी यंत्र जवळ नेलं आणि यंत्रानं जाळीशी बरोबरी केली. अशा लोलकांत बऱ्याचदा मोनाझाइटची भुकटी घातलेली असते. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेनं डिसेंबर २०२१मध्ये अशा दहा वस्तूंची यादी काढून त्या अंगावर घालू नका, असं बजावलं होतं. म्हणजे रेडिएशनपासून वाचवणारी, हमखास रेडिएशन देणारी वस्तू आत्या वर्षभर छातीशी धरून होती. मी सांगायला तोंड उघडलं, त्याआधीच टिकटिक ऐकून आत्या हरखली. ‘बघ! मी म्हणत नव्हते, यातून ऊर्जा निघते? तुझं मशीनसुद्धा मान्य करतंय!’ लोलक काढून घ्यायला शेवटी मला विज्ञान सोडून, शनिवारी काळं घालू नये, हा मार्ग पत्करावा लागला.

बातमी गावभर झाली. मंडळी मोबाइलचा टॉवर तपासायला घेऊन गेली. टॉवरखाली यंत्र पंधरा-वीसवरच राहिलं, कारण मोबाइलच्या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या दांडग्या नसतात आणि ही नळी त्यांच्यासाठी नाहीच. विरोधी पॅनेल म्हणालं, सरांना कंपनीनं मॅनेज केलं. उलट, वळवाची पहिली सर पडून गेल्यावर स्कूटरचं सीट कागदी रुमालानं पुसून तो मी यंत्राखाली धरला, तेव्हा मोजणी चांगलीच वाढली. जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूची पिल्लावळ हवेत असते, पाऊस ती धुऊन खाली आणतो. अर्ध्या तासात आवाज निम्म्यावर आला, दोन-तीन तासांत मावळला. कुणी विशेष दखल घेतली नाही. पावसात असं काही असतं हे लोकांना पटलंच नाही आणि टॉवरमध्ये काही नसतं हेही पटलं नाही. एकूण हिशेब बरोबर सुटला.

खरी परीक्षा वेल्ह्यात, माझ्या सासुरवाडीला झाली. तोरण्याची डागडुजी करताना महाराजांना धन सापडलं आणि त्यातून समोर राजगड उभा राहिला, ही कथा तिथं प्रत्येक पोर दुधाबरोबर पितं. त्यामुळे विहिरीला चार फूट खोदलं तरी माणूस आधी पाण्याकडे पाहत नाही. माझा मेहुणा या परंपरेतला. रात्री नऊला त्याचा फोन आला. ‘दाजी, ताईला घेऊन या. मशीनपण आणा. पार्टी आलीय.’

पार्टी म्हणजे सफारी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं एक तांब्याचं भांडं. राईस पुलर! वीज पडून भांड्यात इरिडियम उतरतं, मग ते तांदूळ ओढतं, भलतं किरणोत्सर्गी असतं आणि नासा ते कोटींनी विकत घेते, असा हा धंदा देशभर चालतो. फक्त आधी चाचणीची फी भरायची, मग शास्त्रज्ञाच्या विमानाचे पैसे, मग अंगभर घालायच्या खास पोशाखाचे. २०१८मध्ये दिल्ली पोलिसांनी यात एका बाप-लेकाला पकडलं. असले पोशाख वापरून नाटक रंगवत त्यांनी एका व्यापाऱ्याला दीड कोटीच्या आसपास गंडवलं होतं. आमच्या मेहुण्याकडे दीड कोटी नव्हते. दोन म्हशी होत्या.

सफारीवाल्यांनी खिशातल्या पुडीतले तांदळाचे दाणे ताटात टाकले, भांडं जवळ नेलं. दाणे टुणकन सरकले. मेहुण्यानं हात जोडले. दाण्यात लोखंडाचा कीस आणि भांड्यात चुंबक असला की देवाची गरज लागत नाही, पण तसं न बोलता मी आतून घरचा इंद्रायणी मागवला. भांडं जवळ नेलं. इंद्रायणी ढिम्म.

‘हा चिकट तांदूळ आहे,’ सफारीवाले म्हणाले.

‘शिजल्यावर,’ ही म्हणाली.

मग यंत्र लावलं. टिक… टिक… तीच आपली पार्श्वभूमी. मेहुणा कानात प्राण आणून, ‘दाजी, वाजतंय का?’ मी म्हटलं, जेवढं भिंत वाजते तेवढंच. मेहुण्याचा चेहरा उतरला. किरणोत्सर्गी वस्तू घरात नाही हे ऐकून दुःखी होणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याला मी मे २०२१ची मुंबईतली गोष्ट सांगितली. एटीएसनं दोघांकडून सात किलोंच्या वर नैसर्गिक युरेनियम पकडलं, किंमत २१ कोटी सांगितली गेली, भाभा अणुसंशोधन केंद्रानं तपासून माल अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. अस्सल मालाच्या दारात नासा आली नाही, पोलीस आले. ‘मग हे नकली निघालं ते बरंच झालं म्हणायचं,’ म्हणत मेहुणा जरा सावरला.

सफारीवाले मात्र खमके. ‘सर, तुमचं मशीन बंद असेल.’ यावर मी खिशातली बत्तीची जाळी काढून नळीखाली धरली. पडवीत एकदम कडकडाट झाला, म्हशी उठून उभ्या राहिल्या. सफारीवाले यंत्राकडे, मग जाळीकडे, मग पुन्हा यंत्राकडे पाहत राहिले. भांडं त्यांनी फडक्यात बांधलं, मला अंगणात बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, ‘सर, हे मशीन जाळीसकट केवढ्याला द्याल?’

मी नाही म्हणायच्या आत ही मागून आली. ‘हे नका मागू. घरी एक पिवळं आहे, अमेरिकेहून आलेलं. ते घेऊन जा.’

त्यांचे डोळे लकाकले. ‘नासाचं आहे का?’

‘सरकारी आहे,’ ही म्हणाली. ‘काहीही पुढं ठेवा, शून्यच दाखवतं.’